साटा, सॅस की एनव्हीएमई? सिंधुदुर्गातल्या एका पतसंस्थेच्या डे-एंडचं प्रकरण

मे २०२३ मधली गोष्ट. मी हार्डवेअर बघतो त्यातली एक पतसंस्था, मुख्य कार्यालय आणि नऊ शाखा, मालवण, देवगड, वेंगुर्ला, सावंतवाडी अशा पसरलेल्या, आणि सगळ्यांचा हिशोब एकाच सर्व्हरवर. तो सर्व्हर मुख्य कार्यालयाच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी जुनी लेजरं ठेवायचे. व्यवस्थापक मॅडमचा फोन आला, "दादा, डे-एंड आता पावणेअकराला संपतोय, शेवटची एसटी साडेनऊची, मुलींना घरी सोडायला मी रोज रिक्षा कुठून आणू?"

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिग्मी एजंट दिवसभर बाजारात, मच्छीमार्केटात, दुकानादुकानात फिरून पैसे गोळा करतात, मग संध्याकाळी सहा ते आठ सगळे एकदम शाखेत येतात आणि त्यांच्या मशीनमधल्या नोंदी सर्व्हरवर चढतात. आठ वाजता डे-एंड सुरू होतो, म्हणजे सगळ्या खात्यांची बेरीज, व्याजाची तरतूद, शिल्लक पुढे ओढणं. हा पूर्वी तासाभरात व्हायचा, आता २ तास ४० मिनिटं लागत होती आणि तोपर्यंत कुणी उठू शकत नाही, कारण कुठल्या शाखेचं टॅली झालं नाही तर तिथल्या माणसाने बसायलाच हवं.

संचालक मंडळाने नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली आणि तिन्ही माझ्यासमोर ठेवली. त्यातली साटा, सॅस आणि एनव्हीएमई ही डिस्क सर्व्हरला जोडण्याच्या तीन पद्धतींची, म्हणजे इंटरफेसची, नावं. पहिलं, ६०० जीबीच्या सहा १०,००० आरपीएमवाल्या (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या फिरणाऱ्या) सॅस हार्ड डिस्क आणि नवीन रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक म्हणून चालवणारं कार्ड, २,१५,००० रुपये. दुसरं, ९६० जीबीच्या चार सर्व्हरवाल्या साटा एसएसडी (फिरता भाग नसलेल्या, फ्लॅश चिपवर लिहिणाऱ्या डिस्क), त्या बसवायच्या ट्रे धरून १,३०,०००. तिसरं, पूर्ण नवीन सर्व्हर एनव्हीएमई एसएसडीसह, ६,२०,०००. तिघांनीही "आमच्याकडे स्पीड जास्त" एवढंच लिहिलेलं. इंटरफेसचा आकडा मोठ्या अक्षरात, साटा ६ गिगाबिट, सॅस १२ गिगाबिट, एनव्हीएमई त्याहून कितीतरी जास्त, आणि साहजिकच वाचणाऱ्याला वाटतं की १२ म्हणजे ६ च्या दुप्पट वेग, मग दुप्पट पैसे द्यायला हरकत काय.

मी म्हटलं, आधी चार दिवस मोजूया, मग सही करा.

जुना सर्व्हर म्हणजे १ टीबीच्या चार ७,२०० आरपीएम साटा डिस्क, रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क मेली तरी डेटा वाचेल अशा मांडणीत. विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये तीन काउंटर लावले: सेकंदाला किती राइट, म्हणजे लिहिण्याची कामं, होतात, एका राइटला किती वेळ लागतो आणि रांगेत किती कामं उभी आहेत. चारही दिवस डे-एंडचं चित्र तेच, सेकंदाला साधारण ७० राइट, एकेका राइटला ९० मिलीसेकंद, रांगेत सहा-सात कामं, आणि सीपीयू बहुतेक वेळ नुसता बसलेला.

आता ७० हा आकडा कुठून येतो ते बघा, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. ७,२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, एक फेरी ८.३ मिलीसेकंदांची, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, ४.२ मिलीसेकंद. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर सरकायला आठ-साडेआठ. बेरीज १२-१३ मिलीसेकंद, म्हणजे विखुरलेलं काम असेल तर एक डिस्क सेकंदाला ७५-८० च कामं करणार. चार डिस्कच्या ३०० झाल्या. पण रेड ५ मध्ये एक छोटा राइट म्हणजे जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (डिस्क मेली तर डेटा परत काढण्यासाठीचा पडताळा) वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही, चार कामं. ३०० भागिले ४, परत ७५. चार डिस्क असून लिहिण्याचा वेग एका डिस्कचाच.

आणि डेटाबेसचं एक पान ८ केबीचं. सेकंदाला ७५ पानं म्हणजे ६०० केबी. साटाची नळी किती मोठी? ६ गिगाबिट, त्यातून एन्कोडिंगचे जादाचे बिट वजा केले की सेकंदाला ६०० एमबी. म्हणजे आपण त्या नळीचा हजारावा भाग वापरत होतो! तिथे १२ गिगाबिटची नळी लावली असती तरी चकत्या त्याच, हेड तेच, पाणी तेवढंच येणार. ७,२०० आरपीएमची डिस्क साटा कनेक्टरची घ्या नाहीतर सॅस कनेक्टरची, अशा कामात तिचा वेग एकच राहतो, हे कोटेशन देणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला विचारायचं सुचत नाही.

पहिल्या कोटेशनच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी होती, त्यातल्या डिस्क १०,००० आरपीएमच्या, अर्धी फेरी ३ मिलीसेकंदांची, एकीकडून १४० कामं धरता येतात. सहा डिस्क रेड १० मध्ये, म्हणजे जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा अशा जोड्यांनी, लावल्या तर ८४० रीड आणि, प्रत्येक राइट दोनदा होतो म्हणून, ४२० राइट. ७५ वरून ४२० ही काही छोटी उडी नव्हे. पण ती उडी फिरण्याच्या वेगाची, डिस्कच्या संख्येची आणि रेड १० ची, सॅस या नावाची नाही.

मोजणी चालू असताना रेड कार्डाच्या युटिलिटीत शिरलो आणि तिथे लाल खूण दिसली. कार्डावरची बॅटरी मेलेली. या कार्डांवर १ जीबीची कॅशे, म्हणजे तात्पुरती मेमरी, असते, डेटा आधी तिच्यात घेऊन "झालं" म्हणून लगेच सांगायचं आणि मग सवडीने, नीट क्रम लावून डिस्कवर लिहायचं, याला राइट-बॅक म्हणतात. पण मधेच लाईट गेली तर कॅशेतलं जाऊ नये म्हणून बॅटरी लागते. बॅटरी मेली की कार्ड स्वतःहून राइट-थ्रूवर जातं, म्हणजे प्रत्येक राइट डिस्कवर पोचेपर्यंत थांबायचं. चूक माझीच, वार्षिक तपासणीत मी डिस्क बघत होतो, बॅटरीचं पान उघडत नव्हतो. त्या खोलीत एसी रात्री बंद होतो, उन्हाळ्यात आतली हवा भट्टीसारखी, बॅटरी किती टिकणार.

काही हजारांची बॅटरी मागवली, बसवली, चार्ज होऊ दिली. दुसऱ्या दिवशी डे-एंड २ तास ४० वरून १ तास ३५ वर. तुमच्याकडे रेड कार्ड असेल आणि सर्व्हर "हळूहळू स्लो झाला" असं नाही तर "अमुक महिन्यापासून स्लो झाला" असं लोक सांगत असतील, तर इंटरफेसचा विचार करण्याआधी हे एक पान उघडून बघाच.

पण १ तास ३५ म्हणजे तरी साडेनऊ पाच, एसटी चुकलीच. आणि डिस्क सात वर्षांच्या झालेल्या, बदलायच्या होत्याच.

मग दोन रविवार खर्च केले. बॅकअप त्याच सर्व्हरवर टेस्ट डेटाबेस म्हणून चढवला, म्हणजे सीपीयू, रॅम, सॉफ्टवेअर सगळं तेच राहिलं आणि बदलली फक्त डिस्क. कोल्हापूरच्या एका सप्लायरने तीन एसएसडी वापरून बघायला दिल्या: एक सर्व्हरवाली साटा, एक साधी डेस्कटॉपची साटा आणि एक सर्व्हरवाली एनव्हीएमई, जी स्लॉटमधल्या ॲडॅप्टर कार्डावर बसवली. प्रत्येकीवर डे-एंड तीनदा चालवला आणि मधला आकडा धरला. डेस्कटॉपवाली २७ मिनिटं, सर्व्हरवाली साटा २२ मिनिटं, एनव्हीएमई १९ मिनिटं.

१९ आणि २२. मी स्वतः याहून जास्त फरक धरला होता, कारण कागदावर ती एनव्हीएमई सेकंदाला ३,००० एमबीच्या वर आणि साटा ५५० वर अडते. पण टास्क मॅनेजर उघडला तेव्हा कळलं, आता डिस्क रिकामी बसलेली आणि सीपीयूचा एकच कोर १०० टक्के तापलेला. सॉफ्टवेअर एकेक खातं उचलतं, व्याज काढतं, लिहितं, मग पुढचं, सगळं एका ओळीत. अडचण डिस्कवरून उठून सीपीयूवर जाऊन बसली होती, तिथे आणखी वेगवान डिस्क घालून काय होणार.

मॅडमना मी असं समजावलं. साटामध्ये कामांची एकच रांग, तिच्यात एका वेळी ३२ कामं उभी राहतात. एनव्हीएमई मुळातच फ्लॅशसाठी बनवलेलं, पहिली आवृत्ती २०११ ची, त्यात ६४ हजारापर्यंत रांगा आणि प्रत्येकीत ६४ हजार कामं. म्हणजे साटा ही एसटी स्टँडवरची रिझर्वेशनची एकच खिडकी आणि एनव्हीएमई म्हणजे हजारो खिडक्या. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या गर्दीला हजारो खिडक्या लागतात. पण आपल्या रांगेत आधी सात माणसं होती आणि खिडकीवरचा माणूस चटपटीत झाल्यावर एकही राहिलं नाही, मग जादा खिडक्या उघडून तिकीट लवकर मिळणार आहे का? ज्यांच्याकडे एका मशीनवर वीस-तीस व्हर्च्युअल सर्व्हर चालतात, शेकडो लोक एकाच वेळी डेटाबेसवर असतात, तिथे मी डोळे झाकून एनव्हीएमई सुचवेन. नवीन सर्व्हर घ्यायचाच असेल तरी तेच, कारण आता डिस्कच्या किमतीत फार अंतर राहिलेलं नाही. इथे अंतर पडत होतं ते त्यासाठी सगळा सर्व्हर बदलावा लागत होता म्हणून.

मीटिंगमध्ये अध्यक्षांनी, त्यांना सगळे आबा म्हणतात, कागद हातात घेऊन सरळ विचारलं, "झिला, ह्या पाच लाख जास्त घालून तीनच मिन्टां वाचतली काय?" हो, तीनच. जवळपास पाच लाख, बरोबर ४,९०,०००. आबांनी तिसरं कोटेशन उलटं करून ठेवलं.

मग त्यांचं बोट २७ मिनिटांवर गेलं. "मगे हेच्यात काय कमी आसा? चौथाई पैशात काम होता तर."

हा प्रश्न मला अपेक्षित होता म्हणून मी पिशवीत दोन मेलेल्या एसएसडी उघडून नेल्या होत्या. दोन्ही टेबलावर ठेवल्या. डेस्कटॉपवाल्यात अर्ध्या तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर चार चिप, बाकी डबा रिकामा. सर्व्हरवालीत पूर्ण डबाभर बोर्ड आणि एका कडेला पिवळट कपॅसिटरची रांग, तांदळाच्या दाण्यांपेक्षा थोडे मोठे, एकाला एक चिकटून. आबांनी चष्मा वर करून ते बोटाने मोजले. लाईट गेली की त्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज एसएसडीला काही क्षण जिवंत ठेवते, तेवढ्यात तिच्या रॅममध्ये असलेलं सगळं फ्लॅशवर उतरतं. डेस्कटॉपवालीत हे सहसा नसतं. ती एकतर प्रत्येक राइटला थांबते, म्हणून २२ ऐवजी २७, नाहीतर "लिहिलं" म्हणून सांगून मोकळी होते आणि लाईट गेली की ते लिहिलेलं हवेत. एखाद्याच्या पिग्मीचे दोनशे रुपये त्यात असतात.

लाईटचं मी सांगायची गरज नव्हती. मे २०२१ च्या तौक्ते वादळात इथे कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती, ते टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने भोगलेलं. वादळ सोडा, मे महिन्यात वळीव आला की माडाची झावळ तारेवर पडते आणि लाईट तीनदा जाते येते. यूपीएस आहे, पण यूपीएसवरच सगळा भरवसा टाकायचा तर त्याच्या बॅटऱ्याही त्याच गरम खोलीत असतात.

राहिलं पहिलं कोटेशन, सॅसचं. एका संचालकांचे मेहुणे मुंबईत मोठ्या बँकेत आयटीत आहेत, त्यांनी फोनवर सांगितलेलं की बँकेत सॅसच असतं. बरोबरच आहे त्यांचं. सॅस डिस्कला दोन पोर्ट असतात, एक कंट्रोलर (डिस्क चालवणारं कार्ड) मेला तर दुसऱ्या वाटेने डिस्क चालू राहते. केबल मीटरऐवजी दहा मीटरपर्यंत नेता येते, एक्स्पांडर (जोडण्या वाढवणारा भाग) लावून डझनावारी डिस्क जोडता येतात, डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांनी जातो. दोन कंट्रोलरचा स्टोरेज बॉक्स आणि चोवीस डिस्क असतील तर या प्रत्येक गोष्टीचे पैसे वसूल होतात. आपल्याकडे एक सर्व्हर, एक कार्ड. दुसऱ्या पोर्टला जोडायला काही नाहीच, मग त्याचे पैसे कशाला द्यायचे. सहा फिरत्या सॅस डिस्कवर डे-एंड माझ्या हिशोबाने पाऊण तासाच्या आसपास गेला असता. साटा एसएसडीपेक्षा ८५,००० जास्त देऊन दुप्पट वेळ.

आणि एक खर्च असा जो कोटेशनमध्ये कधीच लिहिलेला नसतो. डिस्क मेली तर दुसरी कुठून येणार? साटा एसएसडी कोल्हापूरला शेल्फवर असते, सकाळी फोन केला तर संध्याकाळच्या गाडीने येते, अगदीच अडलं तर त्या मापाची कुठलीही साटा तात्पुरती लावता येते. विशिष्ट मॉडेलची सॅस डिस्क मुंबईहून किंवा पुण्याहून मागवावी लागते, माझा अनुभव चार ते सहा दिवसांचा, आणि जुलैत घाटात दरड आली की तेही नाही. तेवढे दिवस सर्व्हर एका डिस्कच्या आधाराने चालवायचा. पुण्यात बसून हिशोब करणाऱ्याला हा मुद्दा बारीक वाटेल, इथे तो पहिल्या तीनात येतो.

शेवटी दुसरं कोटेशन घेतलं, पण जसंच्या तसं नाही. त्या विक्रेत्याने चारही एसएसडी रेड ५ मध्ये सुचवलेल्या. डेटाबेस आहे १८० जीबीचा, त्याला ९६० जीबी ढीग झाली, म्हणून दोन रेड १ मध्ये, एकीवर जे तेच दुसरीवर, तिसरी हॉट स्पेअर, म्हणजे एखादी मेली तर आपोआप जागा घेणारी राखीव, म्हणून सर्व्हरमध्येच, आणि चौथी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, मॅडमच्या कपाटात. चारही एकाच लॉटच्या नकोत असं सांगून दोन वेगळ्या लॉटच्या घेतल्या, कारण आरशासारख्या चालणाऱ्या दोन एसएसडी सारख्याच झिजतात.

झिजण्यावरून अजून थोडे पैसे वाचले. विक्रेता महागातल्या, रोज तीनदा पूर्ण भरून लिहिता येईल अशा एसएसडी देत होता. मी मोजलं होतं, रोजचं लिखाण ४० जीबी. रोज एकदा पूर्ण भरता येईल अशी साधी सर्व्हरवाली एसएसडी पाच वर्षं रोज ९६० जीबी सोसते. आपण त्यातले चार टक्के वापरणार. महागातली नको म्हटलं.

वाचलेल्या पैशातून यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, ७,२०० आरपीएमच्या दोन मोठ्या साटा डिस्क घेतल्या, बॅकअपसाठी आणि सीसीटीव्हीसाठी. तिथे सलग लिखाण असतं, हेडला इकडे तिकडे उड्या माराव्या लागत नाहीत, फिरती डिस्क स्वस्तात उत्तम चालते. सगळीकडे एसएसडीच हवी असंही नाही. आणि बॅकअपची एक प्रत दर आठवड्याला घाटावर जाते, पूर आणि वादळ एकाच बाजूला येतं म्हणून.

बसवताना एक बघण्यासारखं होतं ते मॅडमना दाखवलं. साटाच्या कनेक्टरमध्ये डेटा आणि पॉवर यांच्या मधे एक खाच असते, सॅसमध्ये ती भरलेली असते. म्हणून सॅसच्या बेमध्ये (डिस्क बसवायच्या खणात) साटा बसते, साटाच्या जागी सॅस बसत नाही. या सर्व्हरचे बे सॅसचे आहेत, म्हणजे उद्या खरंच गरज पडली तर वाट बंद झालेली नाही.

ऑक्टोबरात एक एसएसडी अचानक रेडमधून बाहेर पडली. हॉट स्पेअरने जागा घेतली, तासाभरात सगळं परत जुळलं, शाखांना कळलंही नाही. मला वाटलं एसएसडी गेली, वॉरंटीला पाठवायची तयारी केली, पण स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) बघितलं तर बाकी सगळं ठणठणीत आणि फक्त सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याचा, आकडा शेकड्यात. तो आकडा वाढतो तेव्हा दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, वाटेचा असतो, केबल किंवा कनेक्टर. ट्रे काढून टॉर्च मारला, बॅकप्लेनच्या (डिस्क मागे जिला जोडल्या जातात त्या पट्टीच्या) दोन पिनांवर हिरवट पापुद्रा. समुद्र तिथून फार लांब नाही, पावसाळाभर खारी दमट हवा त्या खोलीत, आणि मागची खिडकी कुणीतरी उघडी ठेवायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, डिस्क परत बसवली, तीच आजही चालू आहे. खिडकी आता कायमची बंद केली आणि खोलीत डीह्युमिडिफायर लावला. हे सॅसला झालं असतं, एनव्हीएमईच्या बेलाही झालं असतं, मीठ इंटरफेस बघत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना मी ते मोजमाप पाठवलं होतं, एकच कोर तापतो म्हणून. बऱ्याच पाठपुराव्यानंतर त्यांनी एकेक खातं लिहिण्याऐवजी पाचशे खात्यांचा गठ्ठा करून लिहायला सुरुवात केली आणि डे-एंड २२ वरून १४ मिनिटांवर आला. एक रुपयाचं हार्डवेअर न बदलता, आणि एनव्हीएमईच्या १९ च्याही खाली.

परफॉर्मन्स मॉनिटरचे ते तीन काउंटर मी काढलेले नाहीत, महिन्यातून एकदा बघतो. सध्या रांगेत एकही काम उभं राहत नाही. पुढच्या आवृत्तीत केवायसीचे स्कॅन आणि सह्यांचे फोटो डेटाबेसमध्येच ठेवणार म्हणतात, तेव्हा हा आकडा वाढेल. तो सलग वीसच्या वर राहायला लागला की आबांसमोर एनव्हीएमईचं कोटेशन मी स्वतः घेऊन जाणार आहे. ३१ मार्चला वर्षअखेरीचं व्याज चढवून मॅडमनी मला मेसेज टाकला तेव्हा ९ वाजून ५ मिनिटं झाली होती, सगळ्या मुली एसटी स्टँडवर पोचलेल्या.